गुरुवारची सभा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात, चेन्नई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.)



आम्हां उभयतांना येथे बोलावयास उभे केल्याबद्दल मंडळाचे आभार मानावयाचे, तर प्रथम एक कबुली द्यावयास हवी. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘व्यसनमुक्ती’ असे मोघम उत्तर दिले होते. त्यांना बहुधा तंबाखूच्या दुष्परिणामांवरील एखादे माहितीपर व्याख्यान अपेक्षित असावे. प्रत्यक्षात आम्ही आमच्या घराविषयी बोलणार आहोत. हे भाषण दोघांनी मिळून लिहिले आहे. वाचणारा आवाज तेवढा एकाचा आहे. आमच्यापैकी एक पीत असे आणि दुसरी ते लपवीत असे. या दोन कामांत अधिक कष्टाचे कोणते, याबद्दल आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही.

आम्ही कोण हे या सभागृहात बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. तरीही स्मरणिकेत नावे छापू नयेत, अशी विनंती आम्ही केली आहे. ज्या संघटनेच्या आधाराने आमचे घर सावरले, तिचा तसा दंडकच आहे. सभासदाने समोरासमोर आपली ओळख खुशाल सांगावी. छापील मजकुरात मात्र नाव देऊ नये. असे का, ते पुढे ओघाने येईल.

आम्ही १९८९ साली या शहरात आलो. तेव्हा याचे नाव मद्रास होते. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, दोन खोल्यांचे घर, भाषेचा गंध नाही, आणि ओळखीचे म्हणाल तर एकही माणूस नाही. दुसऱ्याच महिन्यात मंडळाचा पत्ता लागला आणि गणेशोत्सवाच्या आरतीत उभे राहून मराठी शब्द कानी पडले, तेव्हा डोळ्यांत पाणी आले होते. हे येथील बहुतेकांनी अनुभवले असेल. त्यावर अधिक बोलत नाही.

१९९८ च्या उत्सवात मंडळाने गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील काही प्रवेश बसविले होते, हे जुन्या सभासदांना स्मरत असेल. आमच्यातील पिणाऱ्याने त्यात तळीरामाचे काम केले. अभिनय अगदी अस्सल झाला, असे सर्वांनी म्हटले. मंडळाने नारळ दिला. त्या रात्री पेल्यात रंगीत पाणी नव्हते. हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती प्रेक्षागृहात होती, आणि ती दुसऱ्या रांगेत बसून सर्वांबरोबर टाळ्या वाजवीत होती.

व्यसन कसे वाढत गेले, याचा इतिहास सांगण्यात हशील नाही. तो सर्वांचा सारखाच असतो. सांगण्याजोगे आहे ते लपविण्याविषयी. गावाकडे असतो, तर एखादा चुलता दारात येऊन उभा राहिला असता, सासूबाईंनी अबोला धरला असता, शेजारच्या काकूंनी काहीबाही सुनावले असते. परगावी हे काहीच नसते. अब्रूचे राखणदार आपण दोघेच, आणि अब्रू जिच्यापुढे राखावयाची अशी जागा एकच, ती म्हणजे हे मंडळ. म्हणून आम्ही हळूहळू मंडळात येणे कमी केले. हळदीकुंकवाला बायकांना घरी बोलावणे बंद झाले, कारण संध्याकाळी साडेसात नंतर घरात काय दृश्य असेल याची शाश्वती नसे. ‘ह्यांना पित्ताचा त्रास आहे’ हे वाक्य किती वेळा उच्चारले गेले, याची गणतीच नाही. कारखान्यात रजेचा अर्ज जात असे तो जठरदाहाचा. एका शुश्रूषागृहाने आमच्या विनवणीवरून तसे प्रमाणपत्रही दिले. त्यांना दोष देत नाही. ते आम्हीच मागून घेतले होते.

आणि शपथा! मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, गणपतीपुढची शपथ, पंढरपूरच्या वाटेवर तुळशीची माळ हातात घेऊन केलेली प्रतिज्ञा. प्रत्येक शपथ घेताना ती मनापासून घेतली होती, हे आज कोणाला पटणार नाही. परंतु ते खरे आहे. गडकऱ्यांचा सुधाकरही निश्चय करतो आणि तो मोडतो. नाटक पाहताना आपण त्याला दुबळा म्हणतो. आम्हीही म्हणत होतो.

एक उपाय असा झाला की तो सांगताना आजही लाज वाटते. वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असा मजकूर आपण वाचला असेल. आमच्या घरी अशी पूड टपालाने आली आणि आमटीतून दिली गेली. सुदैवाने त्या पुडीने काहीच झाले नाही. पुढे डॉक्टरांकडून कळले की डायसल्फिराम नावाचे एक औषध खरोखरच आहे. ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्याली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी प्राणही जातो. म्हणूनच डॉक्टर ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात. पुडीत ते असते, तर आमच्यातील एकजण आज येथे नसता, आणि दुसरीला त्याचे कारण जन्मभर कळले नसते.

दुसरी चूकही सांगून टाकतो. २००९ च्या जूनमध्ये एका शपथेच्या भरात घरातली बाटली मोरीत ओतली आणि पिणे एकदम बंद केले. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसू लागली. ती बोटाने दाखविली जात होती, आणि भिंतीवर एकही मुंगी नव्हती. पहाटे आकडी आली. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी थांबणे हे जिवावर बेतू शकते. पहिले काही दिवस रुग्णालयात काढावेत, तेथे आकडी टाळणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. हे आम्हांला कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणून आज येथे मुद्दाम सांगत आहोत.

त्या रुग्णालयात नवव्या दिवशी दोन गृहस्थ भेटावयास आले. एक रिक्षा चालविणारे, दुसरे बँकेतून निवृत्त झालेले. उपदेश करतील, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी आपापली हकिगत सांगितली, कोणती दारू, किती, बायकोचे काय विकले ते सगळे. आणि जाताना एका कागदावर पत्ता लिहून दिला. एका शाळेतील खोली, गुरुवार, संध्याकाळी सात. गट तमिळ होता. इंग्रजीतून चालणारे गटही या शहरात होते, परंतु आम्ही तमिळ गट पसंत केला. त्याचे खरे कारण सांगतो. तेथे आपले कोणी भेटणार नाही, असा आमचा हिशेब होता.

पहिल्या गुरुवारी आम्ही त्या शाळेच्या फाटकावरून तीन वेळा पुढे गेलो. एकदा तर समोरच्या दुकानात शिरून गरज नसताना वह्या विकत घेतल्या. अखेर दुकानदारच म्हणाला, ‘सार्, ती सभा मागच्या दाराने.’ म्हणजे आम्ही जे जगापासून लपवीत होतो, ते वह्या विकणाऱ्याला आमच्या चेहऱ्यावरून कळले होते.

खोली तिसरीच्या वर्गाची होती. फळ्यावर भागाकार. बाके इतकी बुटकी की गुडघे हनुवटीशी यावेत. पंधरा-सोळा माणसे, त्यांत कोणी हमाल, कोणी वकील, आणि एक साठीच्या बाईही. पिणाऱ्यांच्या सभेत बाई पाहून आम्ही चकित झालो. आपल्याकडे ते घर आणखी घट्ट बंद असते, एवढेच. प्रथम क्षणभर स्तब्धता. मग काही वाचन. मग एकेकाने उठून म्हणावयाचे : माझे नाव अमुक, मी कुडिनोयाळी. आणि सर्वांनी ‘वणक्कम्’ म्हणावयाचे. बोलणाऱ्याला मध्ये कोणी अडवीत नाही, कोणी सल्ला देत नाही. दीड तासाने चहा. एक पिशवी फिरते, तिच्यात ज्याने त्याने जमेल ते टाकावे. बाहेरच्या कोणाची देणगी ते घेत नाहीत.

‘कुडिनोयाळी’ या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. तमिळमध्ये दारुड्याला ‘कुडिकारन’ म्हणतात. तो शब्द आम्हांला ठाऊक होता, कारण तो आमच्या मागे जिन्यात उच्चारला जाई. ‘नोय’ म्हणजे रोग. कुडिनोयाळी म्हणजे पिण्याचा रोगी. अमेरिकेतील वैद्यकांच्या संघटनेने १९५६ साली हा रोग असल्याचे मान्य केले, हे पुढे वाचनात आले. पण ते वाचून जे झाले नसते, ते त्या एका शब्दाने झाले. मराठीत या गटांतून ‘मद्यपाशी’ असा शब्द रूढ आहे. पाशात सापडलेला. तोही चांगला शब्द आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र बेवडा आणि दारुडा यांपलीकडे आपण गेलेलो नाही.

भाषा न कळता त्या खोलीत आम्ही काय करीत होतो, असे कोणी विचारील. पहिले तीन गुरुवार तर नुसते बसत होतो. चौथ्या गुरुवारी शेजारच्या बाकावरील एक वृद्ध गृहस्थ आमचे आपसातील कुजबुजणे ऐकून हसले आणि मराठीत बोलू लागले. मराठी खरी, पण पोथीतून उठून आल्यासारखी. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापिले, १८५५ मध्ये ते खालसा झाले. परंतु घरातली भाषा इतक्या पिढ्यांत गेलेली नव्हती. जेथे आपले कोणी भेटू नये म्हणून आम्ही गेलो, तेथे आपल्याहून जुने आपले माणूस बसले होते. त्यांना सर्वजण ‘अण्णा’ म्हणत. दोन्ही भाषांत तो शब्द थोरल्या भावाचा. तेव्हापासून दर गुरुवारी अण्णा हलक्या आवाजात प्रत्येकाची हकिगत आम्हांला मराठीत सांगत, आणि आमची तमिळमध्ये त्यांना.

या सभा सुरू कशा झाल्या, ते अण्णांनीच सांगितले. १९३५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातील एक मनुष्य, बिल विल्सन, व्यवहारासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी आला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. व्यवहार फसला. परक्या गावात, हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा. एका बाजूस मद्यालयातील गलबला, दुसऱ्या बाजूस टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला, आणि चर्चच्या यादीतील नावे फिरवून विचारू लागला की या गावात दारूने गांजलेला कोणी आहे काय, मला त्याच्याशी बोलावयाचे आहे. अशा रीतीने तो १२ मे रोजी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाला भेटला. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे देण्याचे कबूल केले होते. बैठक रात्री अकराच्या पुढे गेली. आजवर डॉक्टरांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. स्वतःला मदत हवी म्हणून आलेला हा पहिलाच. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या अखेरच्या प्याल्याचा दिवस, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा स्थापना-दिन मानला जातो. भारतात ती १९५७ साली मुंबईत सुरू झाली. सभासदत्वाला अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. नोंदवही नाही, वर्गणी नाही. नाव छापण्याची बंदी अशासाठी की उद्या नामवंत सभासद घसरला तर लोक संघटनेला बोल लावतील, आणि नाही घसरला तर त्याच्या डोक्यात हवा जाईल.

आणि शपथ नाही. आम्हांला सर्वांत नवल वाटले ते याचे. आमच्यातील पिणाऱ्याने पहिल्याच दिवशी मोठ्या आवेशाने जन्मात दारूला न शिवण्याचे वचन देऊ केले. अण्णांनी ते घेतलेच नाही. ते म्हणाले, ‘जन्माचे कोणी विचारले? आजची रात्र पिऊ नका. उद्याचे उद्या.’ आणि दुसरी गोष्ट, की सांभाळावयाचे ते पहिल्या प्याल्याला. दहाव्याला सांभाळणे कोणाच्याच हाती नसते. गडकऱ्यांनी नाटकाच्या नावातच ते सांगून ठेवले होते. आम्ही नाटकात काम करूनही ते वाचले नव्हते.

आता दुसऱ्या खोलीविषयी. शेजारच्या वर्गात त्याच वेळी घरच्या मंडळींची निराळी सभा भरते. तिचे नाव अल-ॲनॉन. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली ती संघटना उभी केली. आमच्यातील लपविणारी तेथे प्रथम मोठ्या नाखुशीने गेली. पिणार हे, आणि सभेला आपण बसावयाचे हे कोणते न्याय? तेथे तिला कळले की बाटलीवर पेन्सिलने खूण करणारी ती एकटी नव्हे. त्या खोलीत तशा अकरा जणी होत्या. दारूत पाणी मिसळणाऱ्या, कारखान्यात खोटे फोन करणाऱ्या, खिसे तपासणाऱ्या. तेथे शिकविले ते असे : हे दुखणे तुम्ही आणलेले नाही, ते तुमच्या ताब्यात येणारे नाही, आणि ते बरे करणेही तुमच्या हाती नाही. बारा वर्षांत प्रथमच त्या रात्री ती शांत झोपली. आणि पुढच्या सोमवारी कारखान्यातून फोन आला तेव्हा तिने पित्ताचे नाव घेतले नाही. फोन ज्याचा त्याच्या हाती दिला. तो फोन घेताना जी शरम वाटली, ती दहा शपथांवर भारी होती, असे ज्याने तो घेतला तो म्हणतो.

सारे येथून सुरळीत झाले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. सातव्या महिन्यात, २०१० च्या मार्चमध्ये, नागपूरला एका लग्नात जवळच्या नातेवाइकाने ‘अहो, एकच घ्या’ म्हणून पेला हाती दिला. पुढचे अकरा दिवस आम्हांला नीट आठवतही नाहीत. परतल्यावर सभेला जाण्याचे धैर्य होत नव्हते. मंडळातून नाव कमी होते, तसे तेथूनही झाले असेल, असे वाटले. दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी अण्णा स्वतः बस बदलून घरी आले. त्यांनी चौकशी केली नाही. ‘सात वाजता आहे’ एवढे म्हणाले आणि चपला न काढताच दारात उभे राहिले. सभेत नाव सांगून झाले, घडले ते सांगून झाले, सर्वांनी नेहमीसारखे ‘वणक्कम्’ म्हटले. कोणी मागच्या सात महिन्यांचा हिशेब मागितला नाही. आमचा आताचा हिशेब त्या गुरुवारपासूनचा आहे.

शंका घेणारेही येथे असतील. आगरकरांचे निबंध वाचून वाढलेल्या माणसाला त्या बारा पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख खटकतो, आम्हांलाही खटकला. अण्णांचे उत्तर असे की ज्याला जसा समजेल तसा घ्यावा, आणि समजत नसेल तर ही खोलीच आपल्याहून मोठी आहे एवढे मानून बाकावर बसावे. त्यावर आमचे निभावले आहे. सर्वांचेच निभावते असे नाही. कित्येक येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. ही संघटना औषध देत नाही, रुग्णालय चालवीत नाही. ते काम निराळे : याच शहरात टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान १९८० पासून ते करीत आले, पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांचे मुक्तांगण १९८६ पासून. मात्र सभा म्हणजे निव्वळ भाबडेपणा, असेही कोणी समजू नये. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांचा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, या सभांकडे पद्धतशीरपणे वळविणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, आणि काही बाबतींत सरस ठरले.

मंडळाकडे आमचे मागणे फार थोडे आहे. पन्नास वर्षांत आपण येथे नाटके केली, वाचनालय चालविले, लग्ने जुळविली, अंत्ययात्रांना खांदे दिले. एखादे कुटुंब एकाएकी यावयाचे बंद होते, तेव्हा आपण ‘हल्ली दिसत नाहीत’ असे म्हणून वर्गणीच्या वहीत रेघ ओढतो. ती रेघ ओढण्यापूर्वी कोणी तरी त्या दारात जावे. उपदेश करू नये. ‘रविवारी कार्यक्रम आहे’ एवढेच सांगून यावे. आणि कार्यक्रमानंतरच्या खाजगी बैठकीत कोणी पेला नाकारला, तर कारण विचारू नये.

अण्णा २०१९ साली वारले. तंजावरी मराठीत शेवटपर्यंत आमच्या तमिळची थट्टा करीत होते. सभा त्याच शाळेत भरते. वर्ग मात्र आता पाचवीचा आहे आणि बाके थोडी उंच आहेत. शहरातील इतर गटांची माहिती आमच्याकडे आहे, आणि जे अन्य गावी असतील त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत दूरध्वनी आहे. आमचे घर आपणांस ठाऊक आहे. येणाऱ्याने कारण सांगण्याची गरज नाही. वह्या घ्यावयाच्या आहेत म्हटले तरी चालेल. गुरुवारी आम्ही सव्वासहाला घरून निघतो. कोणी बरोबर यावयाचे असेल, तर थोडे थांबू.